मळीला कोणतं यीस्ट, मक्याला कोणतं? जनुकं बदललेलं यीस्ट घेण्याआधीची तुलना

पुणे जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आजवर मळीवर चालत आल्या. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने उसाचा रस आणि सिरप इथेनॉलकडे वळवण्यावर बंधन घातलं, आणि एका आदेशाने वर्षभराचं नियोजन कसं कोलमडतं ते सगळ्यांनी पाहिलं. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मका आणि खराब धान्यावरही चालाव्यात म्हणून व्याज सवलतीची योजना आली. तेव्हापासून संचालक मंडळांपुढे एक विषय हमखास असतो: मळी असेपर्यंत मळी, ती संपली की मका. लिक्विफॅक्शन (मक्यातला स्टार्च पातळ करणं), डिकँटर, ड्रायर यांची कोटेशनं येतात, त्यांच्यासोबत यीस्टचंही येतं. त्याच्या माहितीपत्रकात ‘सुधारित’, ‘हाय यील्ड’, ‘कमी ग्लिसरॉल’ असे शब्द असतात. हे जनुकं बदललेलं यीस्ट असतं. ते घ्यायचं, नेहमीचं ड्राय यीस्ट चालू ठेवायचं, की मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून (व्हीएसआय) किंवा पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून निवडक कल्चर, म्हणजे यीस्टचं शुद्ध विरजण, आणून वाढवायचं, असा हा निर्णय आहे.

माझं मत आधीच सांगते. मक्यावर जनुकं बदललेलं यीस्ट खरोखर तोलामोलाचा पर्याय आहे. मळीवर निवडीने घडवलेलं स्थानिक यीस्ट आज सरस ठरतं. आणि दोन्हीवर चालणाऱ्या प्लँटने पहिलं वर्ष साध्या यीस्टवर काढून स्वतःचे आकडे जमवावेत. असं का म्हणते, ते पुढे.

आधी गळती मोजा

शंभर किलो ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ५१.१ किलो अल्कोहोल आणि ४८.९ किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो. ही कमाल मर्यादा रसायनशास्त्राने आखलेली आहे, कोणत्याही जनुकाने ती ओलांडता येत नाही. म्हणून ‘वीस टक्के जादा अल्कोहोल’ असा दावा कोणी केला तर आधी विचारा, कशाच्या तुलनेत? तुमची फर्मेंटेशन एफिशियन्सी, म्हणजे या कमाल मर्यादेच्या तुलनेत हाती आलेलं अल्कोहोल, ८९ टक्के असेल तर वर जागाच ११ टक्क्यांची आहे.

या ११ टक्क्यांत वेगवेगळ्या गळत्या असतात. थोडी साखर यीस्टच्या स्वतःच्या शरीरात जाते. साधारण चार-पाच टक्के ग्लिसरॉलमध्ये जाते. काही वॉशमध्ये, म्हणजे फर्मेंटरमधल्या आंबणाऱ्या द्रवात, न आंबता राहते, आणि तिच्यात फ्रुक्टोज जास्त असतं, कारण यीस्ट आधी ग्लुकोज उचलतं आणि फ्रुक्टोज मागे ठेवतं. काही साखर जिवाणू खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. काही अल्कोहोल कार्बन डायऑक्साइडबरोबर उडतं आणि ते पाण्यात पकडणारा स्क्रबर नीट चालत नसेल तर हवेत जातं. यातल्या पहिल्या दोन गळत्यांवर जनुकबदलाचा उपाय आहे, मक्याच्या बाबतीत न फुटलेल्या स्टार्चवरही आहे. जिवाणूंवर नाही, स्क्रबरवर नाही, आणि फर्मेंटरच्या कूलिंगवर तर नाहीच.

पैशांत सांगायचं तर, सी-हेवी मळीत, म्हणजे निघेल तेवढी साखर काढून घेतल्यावर शेवटी उरलेल्या मळीत, आंबण्याजोगी साखर ४० टक्के धरली तर टनाला कागदावर साधारण २५९ लिटर अल्कोहोल निघायला हवं. ८९ टक्के एफिशियन्सीला ते २३० लिटरच्या आसपास येतं. रोज ६० हजार लिटरच्या प्लँटमध्ये एफिशियन्सीचा एक अंक वाढला तर तेवढ्याच मळीत दिवसाला सुमारे ६७४ लिटर जास्त मिळतात. वर्षाला २७० दिवस आणि २०२४-२५ चा सी-हेवीचा ५७.९७ रुपयांचा दर धरला तर ही रक्कम एक कोटीच्या वर जाते. मक्याच्या इथेनॉलला त्याच वर्षी ७१.८६ रुपये दर होता, तिथे एका अंकाची किंमत आणखी जास्त. म्हणजे यीस्टचा प्रश्न गंभीरपणे घेण्यासारखाच आहे. पण तो अंक स्क्रबर दुरुस्त करूनही मिळू शकतो, आणि त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

ग्लिसरॉल: सगळा वाद इथे आहे

जनुकं बदललेल्या औद्योगिक यीस्टचा मुख्य दावा ग्लिसरॉल कमी करण्याचा असतो, म्हणून यीस्ट ग्लिसरॉल बनवतंच का ते समजून घेतल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

दोन कारणं आहेत. पहिलं हिशेबाचं. साखरेपासून अल्कोहोल होताना पेशीतला एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) जेवढा तयार होतो तेवढाच वापरला जातो, जमाखर्च शून्यावर येतो. पण यीस्ट वाढतं तेव्हा ते अमिनो आम्लं आणि पेशीचे इतर घटक बनवतं, आणि त्यात जादा एनएडीएच साठतो. हवा असती तर श्वसनात तो खर्च झाला असता. बंद फर्मेंटरमध्ये तो मार्ग नाही. मग पेशी थोडी साखर ग्लिसरॉलकडे वळवते आणि जादा एनएडीएच तिथे खपवते. हे काम मुख्यतः जीपीडी२ या जनुकाचं.

दुसरं कारण संरक्षणाचं. बाहेर साखर आणि क्षार दाट असले की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते थोपवायला यीस्ट आत ग्लिसरॉल साठवतं. हे काम मुख्यतः जीपीडी१ या जनुकाचं.

आता ही दोन्ही जनुकं काढून टाकली तर ग्लिसरॉल थांबतो, पण हवेविना यीस्ट वाढतच नाही, कारण जादा एनएडीएच कुठे टाकायचा हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून संशोधकांनी पर्यायी वाटा काढल्या. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने ई. कोलाय जिवाणूचं एक जनुक घालून यीस्टला असेटिक आम्लापासून अल्कोहोल करायला लावलं. एनएडीएच तिथे खपला आणि वॉशमधलं त्रासदायक आम्लही कमी झालं. २०१३ मध्ये त्याच गटाने आणखी पुढची मजल मारली. रुबिस्को हे एंझाइम यीस्टमध्ये बसवलं. उसाचं पान कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतं ते याच एंझाइमच्या मदतीने. फर्मेंटरमधला कार्बन डायऑक्साइडच एनएडीएच खपवायला वापरला गेला, ग्लिसरॉल ९० टक्के घटला आणि अल्कोहोल १० टक्के वाढलं. मला स्वतःला हे काम फार सुंदर वाटतं. पण हे आकडे साखर थेंबाथेंबाने पुरवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रातले आहेत, साखर आणि क्षारांनी दाट झालेल्या मळीच्या वॉशमधले नाहीत.

आणि खरी मेख त्या दाटपणातच आहे. मळीत साखरेबरोबर पोटॅशियम, कॅल्शियम, करपलेल्या साखरेची द्रव्यं, उडनशील आम्लं असं सगळं येतं. सी-हेवीत तर साखर काढून घेतल्यावर उरलेले क्षार आणखी एकवटलेले असतात. अशा वॉशमध्ये ग्लिसरॉल ही यीस्टची ढाल आहे. ती काढून घेतली की यीस्ट जगतं, पण मंदावतं. तीस तासांत संपणारी बॅच लांबते, आणि लांबलेल्या बॅचमध्ये जिवाणूंना आयता वेळ मिळतो. ग्लिसरॉलमध्ये वाचवलेली साखर लॅक्टिक आम्लात गेली तर हाती काय उरलं?

मक्यात परिस्थिती उलट आहे. तिथे स्टार्च आधी अल्फा-अमायलेज या एंझाइमने पातळ होतो आणि ग्लुकोज हळूहळू, यीस्ट खात जाईल तसा, सुटत राहतो. एका वेळी मोकळी साखर फार नसते, क्षारही कमी. यीस्टवर ताण येतो तो शेवटी, अल्कोहोल १३-१४ टक्क्यांवर गेल्यावर. ग्लिसरॉल कमी केलेलं यीस्ट इथे आपली करामत दाखवू शकतं. अमेरिकेत हे यीस्ट मक्यावर रुजलं त्यामागे मका भरपूर पिकतो एवढंच कारण नाही. मक्याचं वॉश त्याला मानवतं.

मक्यावर: एंझाइम स्वतः बनवणारं यीस्ट

दुसरा मोठा बदल ग्लुकोअमायलेजचा. साधं यीस्ट स्टार्च खाऊ शकत नाही. आपण बाहेरून ग्लुकोअमायलेज घालतो, ते स्टार्चच्या साखळ्या तोडून ग्लुकोज देतं. सॅकरोमायकॉप्सिस फिब्युलिजेरा हे भात आंबवण्याच्या आशियाई विरजणांत सापडणारं यीस्ट हे एंझाइम स्वतः बनवतं. त्याचं जनुक डिस्टिलरीच्या यीस्टमध्ये घातलं की बाहेरचं एंझाइम कमी लागतं. अशा जातीचं ट्रान्सफर्म हे उत्पादन अमेरिकेत २०१२ मध्ये बाजारात आलं, २०१८ मध्ये नोव्होझाइम्सने इनोव्हा या नावाने आपली यीस्ट उतरवली. ती कंपनी आता नोव्होनेसिस म्हणून ओळखली जाते.

साध्या ड्राय यीस्टशी याची तुलना करताना एंझाइमचं बिल हा पहिला मुद्दा. टनामागे किती ग्लुकोअमायलेज घालता, त्याचा खर्च लिटरमागे किती पडतो, हे तुमच्या स्टोअरच्या नोंदीत असतंच. पुरवठादार ‘इतकं एंझाइम वाचेल’ म्हणतो तेव्हा त्या नोंदीशी ताडून पाहा. दुसरा मुद्दा यीस्ट टिकवण्याचा. मक्याच्या बॅचमध्ये घन पदार्थ इतके असतात की यीस्ट वेगळं काढून पुन्हा वापरणं व्यवहार्य नसतं, प्रत्येक बॅचला ताजं यीस्ट घालावंच लागतं. म्हणून पुरवठादार इथे दर बॅचला यीस्ट विकू शकतो आणि तुम्हालाही दर बॅचला शुद्ध जात मिळते. बाहेरची जंगली यीस्ट आत शिरून ती बदललेली जात हुसकावून लावण्याआधी बॅच संपलेली असते.

मक्याला टनामागे ३८० लिटरच्या आसपास अल्कोहोल धरतात. तुमचा प्लँट त्याच्या बराच खाली असेल तर आधी दळण पाहा, लिक्विफॅक्शनचं तापमान आणि पीएच पाहा, मक्यातला ओलावा आणि बुरशी पाहा. जाड दळलेल्या कण्यांतला स्टार्च कोणतंच यीस्ट बाहेर काढू शकत नाही.

मळीवर: ब्राझीलकडून शिकण्यासारखं

मळीवरची तुलना वेगळी, कारण इथे यीस्ट पुन्हा पुन्हा वापरलं जातं किंवा कंटिन्यूअस पद्धतीत आठवडेच्या आठवडे तेच चालतं. साखर यीस्टच्या वाढीत कमी जावी हा त्यामागचा हेतू. पण मग फर्मेंटर हे एक जंगल बनतं. उसाबरोबर, पाण्याबरोबर, हवेतून रानटी यीस्ट येतात आणि तुमच्या जातीशी स्पर्धा करतात.

ब्राझीलमध्ये याचा नीट अभ्यास झाला. तिथे हंगामाच्या सुरुवातीला बेकरीचं यीस्ट टाकत, ते स्वस्त आणि मुबलक म्हणून. गुणसूत्रांच्या ठशांवरून जाती ओळखायला लागल्यावर लक्षात आलं की काही आठवड्यांतच फर्मेंटरमध्ये ते बेकरीचं यीस्ट शिल्लकच नसतं, त्याची जागा बाहेरून आलेल्या जातींनी घेतलेली असते. मग तंत्रज्ञांनी उलटा विचार केला: जी जात हंगामभर टिकते आणि चांगलं अल्कोहोलही देते, तीच वेगळी काढा आणि पुढच्या वर्षी सुरुवातीपासून घाला. पीई-२ आणि कॅट-१ या जाती अशाच कारखान्यांतून मिळाल्या. दर फेरीत त्यांना सल्फ्युरिक आम्लाने धुतलं जातं, जिवाणू मारायला पीएच अडीचच्या आसपास आणतात, आणि तरी त्या तगतात. त्यांच्या जनुकांना कोणी हात लावलेला नव्हता. निवड झाली ती फर्मेंटरमध्येच.

आपल्याकडे हे करता येतं आणि करायला हवं असं मी कळकळीने म्हणते. हंगाम संपताना तुमच्या फर्मेंटरमध्ये जे यीस्ट जिवंत आणि जोमात आहे ते तुमच्या मळीला, तुमच्या पाण्याला, तुमच्या एप्रिलच्या उन्हाला सरावलेलं आहे. ते ‘स्लज’ म्हणून काढून टाकण्याआधी त्याचे नमुने घ्या, प्लेटवर वेगळे करा, आणि दहा-वीस वसाहती लहान फ्लास्कमध्ये तुमच्याच मळीवर चालवून पाहा. व्हीएसआयची मदत घ्या. याला पैसे थोडे आणि चिकाटी जास्त लागते.

मळीसाठी जनुकबदलाच्या वाटा नाहीतच असंही नाही. मला सर्वात आश्वासक वाटते ती सुक्रोजची. साधं यीस्ट इन्व्हर्टेज एंझाइम पेशीबाहेर सोडतं, सुक्रोज बाहेरच फुटतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज आत जातात. एका सुक्रोजमागे पेशीला चार एटीपी (ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात. ब्राझील आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे इन्व्हर्टेज पेशीच्या आत ठेवलं. आता सुक्रोज अख्खं आत ओढावं लागतं, त्याला एक एटीपी खर्च होतो, हाती तीनच उरतात. ऊर्जा कमी मिळाली की यीस्ट कमी वाढतं आणि तेवढी साखर अल्कोहोलकडे जाते. त्या यीस्टला पुढे प्रयोगशाळेत बरेच दिवस सराव दिल्यावर अल्कोहोलचा उतारा ११ टक्के जास्त आला.

मळीच्या फर्मेंटरमध्ये मात्र या यीस्टपुढे दोन अडचणी उभ्या राहतात. मळीतली बरीच साखर आधीच ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन आलेली असते, तिथे हा फायदा लागूच होत नाही. आणि फर्मेंटरमध्ये शिरलेलं कोणतंही साधं यीस्ट आपलं इन्व्हर्टेज बाहेर सोडून उरलेलं सुक्रोज फोडून टाकतं. ते साधं यीस्ट वाढतंही जास्त वेगाने, कारण त्याला ऊर्जा जास्त मिळते. म्हणजे आपण मुद्दाम मंद वाढणारी जात बनवायची आणि तिला जंगलात सोडायची. सिरपवर, ताज्या यीस्टने, एकेका बॅचमध्ये हे जमू शकेल. पुनर्वापराच्या मळी-प्लँटमध्ये मला अवघड दिसतं.

ऊन आणि जिवाणू

पुण्याच्या आसपासच्या प्लँटमध्ये एप्रिल-मे हा यीस्टच्या परीक्षेचा काळ. ३२ अंशांपर्यंत सगळं सुरळीत असतं, ३५ च्या वर उतारा घसरतो. कूलिंग टॉवरचं पाणीच गरम असेल तर फर्मेंटर थंड कसा राहणार? उष्णता सोसणाऱ्या यीस्टवर चांगलं संशोधन झालं आहे. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की चाळीस अंशांच्या आसपास पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या यीस्टच्या पेशीपटलातलं एर्गोस्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखा घटक) बदलतं आणि ते उष्णतेला टिकतं. हे सरावाने घडलं, बाहेरचं जनुक घालून नव्हे, आणि म्हणून निवडीच्या मार्गाने आपल्यालाही खुलं आहे. तोवर प्लेट हीट एक्स्चेंजर साफ ठेवणं हेच सर्वात फायद्याचं काम.

रात्रपाळीच्या केमिस्टला फर्मेंटरचा नमुना मेथिलीन ब्लूमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना कधी शेजारी उभं राहून पाहा. जिवंत पेशी रंगहीन, मेलेल्या निळ्या. मोजपट्टीच्या चौकटींत शंभर पेशी मोजल्या आणि वीस निळ्या निघाल्या तर व्हायेबिलिटी ८० टक्के. त्याच नजरेत पेशींच्या मधून काठीसारखे बारीक जिवाणू सरकताना दिसले तर समजा साखर कुठे चालली आहे. उन्हाळ्यात हे दोन आकडे एकत्र बिघडतात. ज्या प्लँटमध्ये ही तपासणी दर पाळीत होत नाही त्यांनी महागडं यीस्ट घेण्याची घाई करू नये, कारण ते चाललं की पडलं हे त्यांना कळणारच नाही.

पिकाच्या काडापासून इथेनॉल

ही तुलना लवकर संपते. भाताचा पेंढा किंवा बगॅस (उसाचं चिपाड) फोडल्यावर ग्लुकोजबरोबर झायलोज ही पाच कार्बनांची साखर मिळते आणि साधं यीस्ट ती आंबवत नाही. तिला सोडून दिलं तर पेंढ्यातल्या साखरेचा मोठा हिस्सा वाया जातो. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांच्या गटाने दुसऱ्या यीस्टची जनुकं घालून झायलोज आंबवणारं सॅकरोमायसीस बनवलं. त्या वाटेत एक एंझाइम एनएडीपीएच वापरतं आणि दुसरं एनएडी (दोन्ही एनएडीएचच्याच कुळातले वाहक रेणू), जमाखर्च जुळत नाही आणि झायलिटॉल हा जोडपदार्थ साठतो. २००३ च्या सुमारास डेल्फ्टने हत्तीच्या शेणात सापडलेल्या पायरोमायसीस बुरशीतलं झायलोज आयसोमरेज घालून ती अडचण टाळली. पाच कार्बनी साखरेसह चांगला उतारा हवा असेल तर इथे जनुकबदलाला खराखुरा पर्याय दिसत नाही. पुण्याच्या प्राजच्या तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलचा पानिपतचा पेंढ्यापासून इथेनॉलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ ला देशाला अर्पण झाला. तुमचा कारखाना त्या वाटेने जाणार असेल तर यीस्टचा निर्णय तंत्रज्ञान देणाऱ्यासोबतच होतो, तो वेगळा घेता येत नाही.

कागदपत्रांची बाजू

साध्या आणि निवडक यीस्टला विशेष परवानगी लागत नाही. जनुकं बदललेल्या यीस्टला १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात. हे नियम पिकांइतकेच सूक्ष्मजीवांनाही आहेत. आयात, साठवण, मोठ्या प्रमाणावरचा वापर हे सगळं त्यांच्या कक्षेत येतं. जिथे असं काम चालतं तिथे संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, संशोधनाच्या पातळीवर आरसीजीएम (जनुकीय फेरफार आढावा समिती), आणि मोठ्या प्रमाणावर वापरासाठी जीईएसी (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती). राज्य पातळीवरची समिती आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीची तरतूदही आहे.

काही विक्रेते सांगतात, ‘यात बाहेरचं जनुक नाही, फक्त एडिटिंग केलंय, त्याला सूट आहे.’ २०२२ मध्ये दिलेली सूट ठरावीक प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना आहे. यीस्ट वनस्पती नाही. तेव्हा ‘नमुना म्हणून एक पाकीट वापरून बघा’ ही सूचना कितीही सोयीची वाटली तरी स्वीकारू नका. त्या नेमक्या जातीच्या, त्या नेमक्या वापराच्या परवानगीची प्रत मागा आणि ती हातात आल्यावरच चाचणीचं बोला.

आणखी एक गोष्ट प्लँटमधली. ‘यीस्ट डिस्टिलेशन कॉलममध्ये मरतंच, मग काळजी कसली’ असं म्हणतात. कॉलममधून जातं ते मरतं, हे खरं. पण मळीच्या प्लँटमध्ये फर्मेंटरच्या तळाशी बसलेला स्लज कॉलममध्ये जातच नाही, तो खालून काढतात. फर्मेंटर धुतल्याचं पाणी, पंपाच्या ग्लँडमधून गळणारं वॉश, नमुन्यांच्या बाटल्या यांतही जिवंत पेशी असतात. बदललेली जात वापरायची तर या प्रत्येक वाटेवर वाफेने किंवा उष्णतेने मारण्याची सोय करावी लागेल. साध्या यीस्टला हा खर्च नाही. पुरवठादाराच्या तक्त्यात तो दिसत नाही, तुम्ही धरा.

मक्याच्या बाबतीत यीस्टच्या मेलेल्या पेशी डीडीजीएसमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या वाळवलेल्या चोथ्यात, जातात आणि ते पशुखाद्य म्हणून विकलं जातं. टनभर मक्यामागे ढोबळ तिसरा हिस्सा डीडीजीएस निघतो, त्याच्या विक्रीवर प्लँटचं गणित बसलेलं असतं. तुमचा कोंबडीखाद्यवाला किंवा दूध संघ बदललेल्या यीस्टच्या पेशी असलेला माल घेईल का, हे त्याला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. त्याच भेटीत अफ्लाटॉक्सिनबद्दलही बोला. बुरशी लागलेल्या मक्यातलं ते विष अल्कोहोलबरोबर जात नाही, डीडीजीएसमध्ये सुमारे तिपटीने एकवटतं. जनावरांच्या दृष्टीने माझी मोठी काळजी तीच आहे.

कोणी काय घ्यावं

फक्त मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीने जनुकं बदललेल्या यीस्टमागे सध्या लागू नये. चांगलं निवडक कल्चर घ्यावं, हंगामाअखेर स्वतःच्या फर्मेंटरमधल्या जाती वेगळ्या काढाव्यात, उडनशील आम्लं ५,००० पीपीएमच्या वर असलेली मळी साठ्यात वेगळी ठेवून मिसळून वापरावी. ग्लिसरॉल मोजायला सुरुवात करावी. बऱ्याच प्लँटमध्ये तो कधीच मोजला जात नाही, आणि मग कमी झाला की नाही हे कशावरून ठरवणार?

पूर्णपणे मक्यावरच्या नव्या प्लँटला हा पर्याय आजच तपासण्यासारखा आहे. परवानगीचे कागद आणि डीडीजीएसच्या ग्राहकाची संमती असेल तर चाचणीचा आग्रह धरा, आणि ती चाचणी अशी घ्या की वाद उरणार नाही. एकाच लिक्विफॅक्शन टँकचा लगदा दोन फर्मेंटरमध्ये निम्मा निम्मा घ्या. एकात तुमचं यीस्ट आणि तुमचा एंझाइमचा डोस, दुसऱ्यात त्यांचं यीस्ट आणि त्यांनी सांगितलेला डोस. दोन्हीकडे युरिया आणि तापमान तेच. दर सहा तासांनी नमुना घ्या; ग्लुकोज, माल्टोज, ग्लिसरॉल, लॅक्टिक, असेटिक आणि अल्कोहोल एचपीएलसी या पृथक्करण यंत्रावर मोजा. फर्मेंटर अदलाबदल करून पुन्हा घ्या, म्हणजे एखाद्या टँकच्या कूलिंगचा गुण यीस्टच्या नावावर जमा होणार नाही. एक फेरी मे महिन्यात झालीच पाहिजे. जानेवारीतल्या थंडीत कोणतंही यीस्ट चांगलं दिसतं.

निकाल वाचताना फक्त शेवटचं अल्कोहोल पाहू नका. ग्लिसरॉल जितका घटला त्या हिशेबाने अल्कोहोल वाढलं का, ते ताडून पाहा. चार टक्के साखर ग्लिसरॉलमध्ये जात होती आणि ती निम्मी वाचली, तर एफिशियन्सीत साधारण दोन अंकांची भर दिसायला हवी. ग्लिसरॉल घटला पण अल्कोहोल वाढलं नाही, तर साखर दुसरीकडे कुठेतरी गेली आहे: मागे राहिली, जिवाणूंनी खाल्ली किंवा मोजमापात चूक आहे.

मळी आणि मका दोन्हींवर चालणाऱ्या प्लँटपुढे अडचण दुहेरी आहे. मक्याच्या महिन्यांत बदललेली जात वापरली आणि तोच प्रीफर्मेंटर (यीस्ट आधी वाढवण्याची टाकी), त्याच पाइपा मळीला आल्या, तर ती जात पुढच्या हंगामाच्या फर्मेंटरमध्ये शिरणार. तिथे ती टिकणार नाही कदाचित, पण ती स्लजमध्ये, धुण्याच्या पाण्यात जाईल आणि परवानगीच्या अटींचा प्रश्न उभा राहील. म्हणून अशा प्लँटने पहिलं मक्याचं वर्ष साधं यीस्ट आणि बाहेरचं ग्लुकोअमायलेज यांवर काढावं. त्या वर्षात टनामागचं अल्कोहोल, एंझाइमचा खर्च, ग्लिसरॉल आणि उरलेला स्टार्च यांच्या बॅचवार नोंदी तयार होतील. दुसऱ्या वर्षी बदललेलं यीस्ट घ्यायचं ठरलं तर मक्यासाठी प्रीफर्मेंटर आणि यीस्टची पाइपलाइन वेगळी ठेवा, आणि त्यांच्या खर्चाचा आकडा मशिनरीच्या आत्ताच्या कोटेशनमध्ये मागून घ्या. नंतर जागा काढून ती बसवणं फार महाग पडतं.

पुरवठादाराशी करार करताना हमी ‘टक्के वाढ’ अशा शब्दांत घेऊ नका. टन मक्यामागे किती लिटर, किती ओलाव्याच्या आणि किती स्टार्चच्या मक्यावर, किती तासांत, फर्मेंटरचं तापमान किती असताना, हे लिहून घ्या. हमी पुरी झाली नाही तर यीस्टची किंमत परत मिळेल की बुडालेल्या अल्कोहोलची, हेही त्याच पानावर असू द्या.